नवा ऑफेन्स, जुनी लाइन: पहिल्या हंगामात किती अपेक्षा ठेवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही अमेरिकेच्या दक्षिणेत एमएस करताय. तुमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने बॉल घेऊन धावण्यावर बेतलेला जुना ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाची पद्धत, मोडला आणि यंदा नवा कोऑर्डिनेटर (ऑफेन्स आखणारा कोच) आणून वेगवान, पासवर चालणारा ऑफेन्स सुरू केला. उन्हाळाभर सगळ्यांच्या तोंडी ‘दर सामन्याला चाळीस पॉइंट’ हीच भाषा होती. पहिल्या सामन्यात एका लहान कॉलेजविरुद्ध पन्नासच्या वर पॉइंट झाले, आणि पुढच्या दोन सामन्यांत मिळून जेमतेम तीन टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं). आता स्टेडियममध्ये क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकून ऑफेन्स चालवणाऱ्या खेळाडूची, हुर्यो उडवली जातेय. तुम्ही विचारताय की अजून किती सामने थांबायचं, आणि हे जमत चाललंय की फसत चाललंय हे ओळखायचं कसं.

मी जॉर्जियातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि शाळेच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून बचाव अडवणाऱ्या पाच जणांचा, कोच आहे. कॉलेजच्या बाकावर मी कधी उभा राहिलेलो नाही, पण ऑफेन्स बदलतो तेव्हा लाइनमधल्या मुलांवर काय बेततं ते मी वर्षानुवर्षं जवळून बघतोय. त्यामुळे माझं उत्तर क्वार्टरबॅकपासून सुरू न होता त्याच्या पुढच्या पाच जणांपासून सुरू होतं.

पॉइंट किती होणार, हा हिशोब सगळ्यात शेवटी लागतो. त्याआधी विचारायला हवं ते हे: आज संघात जी मुलं आहेत, ती कोणत्या ऑफेन्ससाठी निवडलेली होती? कोच एका आठवड्यात बदलतो. मुलं मात्र चार-चार, पाच-पाच वर्षांत गोळा झालेली असतात. कोणाला घ्यायचं, कोणाचं वजन वाढवायचं, कोणाला बचावातून उचलून लाइनमध्ये उभं करायचं, हे सगळं जुन्या कोचने त्याच्या डोक्यातल्या खेळासाठी ठरवलेलं असतं. नवा कोच आला तरी शरीरं तीच राहतात.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आमच्या अटलांटातच आहे, जॉर्जिया टेकचं. एकाच विद्यापीठाने अकरा वर्षांच्या अंतराने दोनदा ऑफेन्स उलटापालटा केला, आणि दोन्ही वेळा निकाल अगदी वेगळे लागले.

२००८ मध्ये पॉल जॉन्सन नेव्हीच्या संघाकडून टेकमध्ये आले आणि त्यांनी ट्रिपल ऑप्शन आणला. म्हणजे क्वार्टरबॅक स्नॅप (चाल सुरू करताना मागे दिलेला बॉल) घेतो, समोरच्या एका बचावपटूकडे बघतो, आणि त्याच्या हालचालीवरून ठरवतो की बॉल मधल्या धावपटूला द्यायचा, स्वतः घेऊन पळायचा, की बाहेरच्याला टाकायचा. मुलं सगळी आधीच्या कोचने आणलेली होती. लोक म्हणत होते की हे मोठ्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) चालणार नाही. पहिल्याच हंगामात संघ ९-४ (नऊ विजय, चार पराभव) राहिला आणि शेजारच्या जॉर्जिया विद्यापीठाला ४५-४२ असं त्यांच्याच मैदानावर हरवलं. जोनाथन ड्वायर त्या वर्षी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तोही आधीच्याच कोचच्या काळातला मुलगा.

मग २०१९ आलं. जॉन्सन निवृत्त झाले, जेफ कॉलिन्स आले, आणि टेक ऑप्शन सोडून आजच्या पद्धतीच्या पसरलेल्या, पासवरच्या ऑफेन्सकडे वळला. पहिला सामना क्लेमसनशी ५२-१४ असा गेला, ते समजण्यासारखं होतं. पण तिसऱ्या सामन्यात, घरच्या मैदानावर, सिटाडेलने त्यांना ओव्हरटाइममध्ये २७-२४ असं हरवलं. सिटाडेल हे खालच्या विभागातलं लष्करी कॉलेज, आणि ते तेव्हा तोच ट्रिपल ऑप्शन खेळत होतं जो टेकने नुकताच टाकून दिला होता. हंगाम ३-९ वर संपला.

कोचच्या हुशारीवर मी इथे बोट ठेवत नाही. दिशेमुळे किती फरक पडतो ते बघा. ऑप्शनकडे जाताना लाइनला कमी गोष्टी शिकाव्या लागतात. समोरच्या एकदोघांना मुद्दाम कोणीच अडवत नाही, कारण त्यांना वाचून चकवायचं काम क्वार्टरबॅकचं असतं. बाकीच्यांनी खाली वाकून पुढे झेपावायचं, बस. शिवाय प्रतिस्पर्ध्याला असा खेळ वर्षातून एकदाच भेटतो आणि तयारीला हातात तीन-चार दिवस असतात. ऑप्शन सोडून पासकडे येताना हे सगळं उलटं होतं. जॉन्सन यांच्या योजनेत टाइट एंड (लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) ही जागाच नव्हती, त्यामुळे २०१९ च्या सुरुवातीला त्या जागेसाठी बाहेरून मुलगा आणावा लागला. क्वार्टरबॅकच्या जागी उभे राहणारे आधी धावणारे होते, पास त्यांच्यासाठी दुय्यम होता. आणि लाइन ही चपळ, पुढे झेपावणाऱ्या मुलांची होती. खो-खोत वर्षं काढलेल्या संघाला कबड्डीच्या मैदानावर कोपरारक्षक म्हणून उभं केल्यावर जे होईल, तेच झालं. मुलं कमकुवत नव्हती. त्यांच्या अंगात मुरलेली हालचालच वेगळी होती.

हे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण टीव्हीवर हे दिसत नाही. धावण्यासाठी अडवणारा लाइनमन हात जमिनीला टेकवून उभा राहतो, वजन पुढे, आणि स्नॅप झाला की पुढे जातो. तो आक्रमण करतोय आणि समोरचा त्याला उत्तर देतोय. पास अडवताना तोच मुलगा हात न टेकवता उभा असतो आणि तिरका मागे सरकतो. आता आक्रमण समोरचा करतोय, आणि तुम्ही मागे जाता जाता तोल सांभाळून, हात योग्य वेळी टाकून त्याला थोपवायचं. घाई केली की तो बगलेतून निघून जातो. थांबलात की तो तुम्हाला क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलतो.

एका जोडीचं हे कसंबसं जमलं की खरी अडचण पुढे येते. बचावातले दोघे स्नॅपनंतर आपसात जागा बदलतात. आतला बाहेर जातो, बाहेरचा आत घुसतो. अशा वेळी आपल्या गार्ड आणि टॅकलने (लाइनमधला आतला आणि त्याच्या शेजारचा बाहेरचा) माणसांची अदलाबदल करायची असते, न बोलता, अर्ध्या सेकंदात. दोघांपैकी एकजण जरी आपल्याच माणसामागे गेला तरी मध्ये दार उघडतं. माझ्या अनुभवात नव्या ऑफेन्समध्ये सगळ्यात उशिरा बसते ती हीच गोष्ट. धावण्याच्या नव्या चाली मुलं ऑगस्टमध्ये शिकतात. ही अदलाबदल ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कच्चीच राहते, तीही तेच पाच जण रोज शेजारी शेजारी उभे राहत असतील तर. एक जण जखमी झाला की शेजारच्या दोघांचंही निम्मं शिक्षण वाया जातं.

कॉलेजच्या मुलांना यासाठी वेळ किती मिळतो? वसंतात पंधरा सराव. ऑगस्टमध्ये आणखी साधारण पंचवीस. हंगाम सुरू झाला की नियमाने आठवड्याला वीस तास, आणि त्यात व्हिडिओ बघणं, वजनं उचलणं, बैठका हे सगळं आलं. त्यातलाही मोठा भाग पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्यावर जातो. मूळ ऑफेन्स शिकवण्याचे दिवस सप्टेंबरआधीच संपलेले असतात, आणि नंतरची सुधारणा सामन्यांतूनच होते. तुम्ही तिसऱ्या सामन्यात जे बघितलंत ते अर्धवट शिकलेलं काम होतं, आणि ते अर्धवट असणं अपेक्षितच होतं.

तुमचे मित्र कदाचित लगेच एलएसयूचं (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं) नाव घेतील. २०१९ मध्ये जो ब्रेडी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून तिथे आले, मुख्य कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर यांच्यासोबत पासचा खेळ नव्याने बांधला, आणि संघ १५-० राहून राष्ट्रीय विजेता झाला. क्वार्टरबॅक जो बरोने एका हंगामात ६० टचडाउन पास फेकले. एका वर्षात! खरं आहे. पण तिथे आधीच काय होतं ते बघा. बरो संघात दुसऱ्या वर्षात होता. आदल्या वर्षी संघ १०-३ होता. जामार चेस, जस्टिन जेफरसन, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर हे सगळे आधीपासून तिथेच होते. आणि त्या लाइनला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनचा जो मूर पुरस्कार मिळाला. ब्रेडींनी जे आणलं त्यासाठी लागणारी माणसं घरातच होती. त्यांचा पूर्ण उपयोग तेवढा व्हायचा होता. त्या संघाशी तुमच्या संघाची तुलना करायची असेल तर आधी स्वतःला विचारा, तुमच्याकडे यातलं काय काय होतं?

टेनेसीचं उदाहरण तुमच्या परिस्थितीच्या जास्त जवळ आहे. २०२० मध्ये तो संघ ३-७ होता आणि दर सामन्याला २१-२२ पॉइंट करत होता. २०२१ मध्ये जॉश हायपल आले आणि सरासरी ३९ च्या वर गेली. पण विजय-पराजयाचा हिशोब ७-६ एवढाच. खरं फळ २०२२ मध्ये दिसलं: ४६ च्या सरासरीने देशात पहिला क्रमांक, ११-२, आणि अलाबामावर ५२-४९ असा विजय. हायपल यांची योजना शिकवायला तुलनेने सोपी आहे. रिसिव्हर (पास झेलणारे) मैदानाच्या कडेला इतके दूर उभे करायचे की बचाव आपोआप ताणला जातो, चाली थोड्या ठेवायच्या, वेग प्रचंड ठेवायचा. लाइनला प्रत्येक चालीत नवं काही आठवावं लागत नाही. म्हणून पहिल्या वर्षी पॉइंट वाढले. आणि तरीही पहिला क्वार्टरबॅक दोन सामन्यांत बदलला गेला. मग व्हर्जिनिया टेककडून आलेला हेंडन हूकर उभा राहिला आणि घडी बसली. तिसऱ्याच सामन्यानंतर कोणी निर्णय दिला असता, तर तो कशाच्या आधारावर दिला असता?

मिशिगनची गोष्ट चाहत्यांना ऐकवत नाही, पण तुम्हाला ती माहीत हवी. २००८ मध्ये रिच रॉड्रिगेझ यांनी तिथे धावता क्वार्टरबॅक असलेला स्प्रेड, म्हणजे पसरलेला, ऑफेन्स आणला. आदल्या वर्षीचा क्वार्टरबॅक, मुख्य धावपटू, दोन्ही मोठे रिसिव्हर आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिला गेलेला जेक लाँग, सगळे एकदम बाहेर पडले होते. जो तरुण क्वार्टरबॅक उरला होता त्याच्या हातात पास फेकण्याची ताकद होती, पायात वेग नव्हता, आणि तोही दुसरीकडे गेला. संघ ३-९ झाला, सलग ३३ वर्षं बोल सामन्यात (हंगामानंतर निवडक संघांच्या सामन्यात) जाण्याची परंपरा तुटली. पुढच्या वर्षी ५-७. तिसऱ्या वर्षी, २०१० मध्ये, डेनार्ड रॉबिन्सनने क्वार्टरबॅक म्हणून १,७०२ यार्ड धावून त्या वेळचा विक्रम केला. ऑफेन्स जमला होता. पण बचावाने दर सामन्याला ३५ पॉइंट खाल्ले, हंगाम ७-६ वर संपला आणि रॉड्रिगेझ यांना काढलं. बचावाच्या पडझडीचं खापर ऑफेन्सवर फोडता येणार नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: वेगवान ऑफेन्स जेव्हा तीन डाउनमध्येच (दहा यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिनांत) अडकून पंट करतो, म्हणजे लाथ मारून बॉल समोरच्यांना देतो, तेव्हा त्याने घड्याळाचा एक मिनिटही खर्च केलेला नसतो आणि दमलेला बचाव पुन्हा मैदानात उतरतो. तुमच्या संघाने चौथ्या क्वार्टरमध्ये सोडलेले पॉइंट याही नजरेने बघा.

आता यातली काही उदाहरणं ट्रान्सफर पोर्टलच्या (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीच्या) आधीच्या काळातली आहेत, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. २०१८ मध्ये पोर्टल आलं. २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. त्यामुळे नवा कोच जानेवारीतच आपल्या पद्धतीचा क्वार्टरबॅक आणू शकतो, आणि चाहत्यांनी तीन वर्षं थांबावं असं आज कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण क्वार्टरबॅक आणि रिसिव्हर आणून जितका लवकर फरक पडतो, तितका लाइनमध्ये पडत नाही. पाच चांगले लाइनमन पाच कॉलेजांतून आणले तर कागदावर भारदस्त दिसतात, पण एकाच इशाऱ्याला प्रत्येकजण आपापल्या जुन्या कॉलेजातलं नाव देतो. तुमच्या संघात यंदा लाइनचे किती जण नवे आले आणि त्यातले किती वसंतातल्या सरावाला हजर होते, हे शोधून काढा. उन्हाळ्यात आलेले दोनपेक्षा जास्त असतील, तर माझी अपेक्षा मी लगेच एक महिना पुढे ढकलेन.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: धावण्याच्या ऑफेन्सकडून पासकडे जाणाऱ्या संघाकडून पहिल्या वर्षी पॉइंटांचा आकडा मागू नका. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत सुधारणा मागा, आणि ती ठामपणे मागा. चाळीसचा आकडा तसाही फसवा आहे. २०२३ पासून फर्स्ट डाउन झाल्यावर (दहा यार्ड पूर्ण होऊन नवे चार प्रयत्न मिळाल्यावर) घड्याळ थांबत नाही, दोन्ही हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून. त्यामुळे सामन्यात चालीच कमी होतात, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सरासऱ्यांशी आजची तुलना जुळत नाही. पहिल्या सामन्यातले पन्नास पॉइंट तर हिशोबातून काढूनच टाका. लहान कॉलेजची लाइन तुमच्या मुलांना धक्कासुद्धा लावू शकत नव्हती, त्यामुळे त्या सामन्यात कोणाचीच परीक्षा झाली नाही.

दुसरा प्रश्न ओळखण्याचा. मी सामना बघताना सगळ्यात आधी पहिल्या डाउनला काय झालं ते टिपतो. विश्लेषक वापरतात तो साधा नियम पुरेसा आहे: पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डांच्या निम्मे, दुसऱ्याला सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर ती चाल यशस्वी. कागदावर खुणा करा, फार कष्ट नाहीत. पॉइंट शून्य असले तरी यशस्वी चालींचं प्रमाण दर सामन्याला वाढत असेल, तर ऑफेन्स शिकतोय. तिसऱ्या डाउनला नेहमी आठ-दहा यार्ड उरत असतील, तर दोष तिसऱ्या डाउनच्या चालीत शोधू नका. तो आधीच्या दोन डाउनमध्ये झालेला असतो.

मग चुकांचा प्रकार बघा. सप्टेंबरात स्नॅपआधी हलल्याबद्दल पाच यार्डांची शिक्षा, चुकीच्या जागी उभा राहिलेला रिसिव्हर, या शिकण्याच्या चुका आहेत. पासच्या चालीत लाइनमन तीन यार्डांपेक्षा पुढे गेल्याची शिक्षाही त्यातलीच. धावण्याची सवय असलेल्या मुलांकडून ती हमखास होते. त्याच चुका नोव्हेंबरात त्याच संख्येने होत असतील, तर शिकवण्यात काहीतरी कमी पडतंय. सॅक झाली, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेला, की बॉलकडे न बघता चाल मागे नेऊन बघा: कोणीच न अडवलेला बचावपटू आला, की अडवूनसुद्धा निसटला? कोणीच न अडवलेला आला असेल तर ती समजुतीची गफलत आहे, ती सुधारते. ताकदीत हरून निसटला असेल तर ते या हंगामात सुधारणार नाही. अशा वेळी कोऑर्डिनेटर काय करतो हे बघायचं. तो पास लवकर सुटेल अशा चाली देतो का, टाइट एंडला मदतीला ठेवतो का, आपली आवडती लांब पासची पानं काही आठवडे बाजूला ठेवतो का? ज्याला ऑफेन्स कळतो तो आपल्या मुलांना झेपेल तेवढाच ऑफेन्स खेळतो आणि दर आठवड्याला एकेक पान वाढवतो. काळजी करण्यासारखी खूण म्हणजे सहाव्या सामन्यातही पहिल्याच सामन्यातल्या चाली, तशाच लाइनमागे, तशाच फसत असणं.

जॉर्जिया टेकमध्ये ती खूण पुढेही दिसत राहिली: २०१९, २०२०, २०२१, तिन्ही हंगामांत प्रत्येकी तीनच विजय. २०२२ च्या सप्टेंबरात कॉलिन्स यांना काढलं. त्यांच्या जागी ब्रेंट की आले. ते टेकचेच माजी गार्ड, आणि तोवर संघाच्या लाइनचे कोच. २०२३ मध्ये नवा कोऑर्डिनेटर आणि टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून आलेला क्वार्टरबॅक हेन्स किंग यांच्यासह संघ ७-६ झाला आणि २०१६ नंतर पहिल्यांदा बोल सामना जिंकला. लाइनचा माणूस मुख्य कोच झाल्यावर हे घडलं याचा मला मनापासून आनंद आहे. तीन-तीन विजयांच्या त्या वर्षांत पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सरावाला येऊन पुन्हा मागे सरकायला शिकणारी मुलं होती, आणि त्यांचं नाव एकाही चाहत्याच्या तोंडी नव्हतं.

क्वार्टरबॅकची हुर्यो उडवणाऱ्यांत मात्र सामील होऊ नका, ही माझी विनंती. तो वीस-एकवीस वर्षांचा मुलगा आहे आणि अडीच सेकंदांत त्याच्या अंगावर माणूस येतोय. पुढच्या शनिवारी बॉल स्नॅप झाल्यावर दोन-तीन सीरिज (बॉल आपल्याकडे असतानाचे डाव) फक्त डावा गार्ड आणि डावा टॅकल यांच्याकडे बघा. समोरचे दोघे जागा बदलतात तेव्हा ही दोघं माणसं बदलून घेतायत का, हे टिपा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच टिपा. त्या दोन कागदांतला फरक मला कळवलात, तर तुमच्या संघाबद्दल मी आजच्यापेक्षा नेमकं सांगू शकेन.